गोगलगाईला विष कुठून आलं? वर्गात दिलेल्या एका चुकीच्या उत्तराची दुरुस्ती



दिवाळीच्या सुट्टीनंतर पाचवीचा वर्ग भरला की मुलांच्या दप्तरांतून पुस्तकांआधी सुट्टीच बाहेर पडते. यंदा एका मुलाने कोकणातून मामाकडून पिशवीभर शंख-शिंपले आणले होते. त्यात एक शंख आइस्क्रीमच्या कोनासारखा होता. वर रुंद, खाली निमुळता आणि अंगावर तपकिरी ठिपके. तो म्हणाला, "बाई, मामा म्हणाला हा जिवंत असला तर हात लावायचा नाही. विषारी असतो." मी मामांना मनातल्या मनात नमस्कार केला, कारण ते अगदी बरोबर बोलले होते.

मग मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "बाई, गोगलगाय तर किती गरीब असते. तिला विष कुठून आलं?"

मी लगेच उत्तर दिलं. म्हटलं, "ती किती हळू चालते ना! मासे पळून जायचे. मग तिला विषाची गरज पडली आणि हळूहळू तिच्या अंगात विष तयार झालं." वर्ग खूश झाला आणि मीही. संध्याकाळी एसटीत बसल्यावर मात्र ते उत्तर मला टोचायला लागलं. 'गरज पडली म्हणून तयार झालं' हे तर जिराफाने उंच पानांसाठी मान ताणली आणि ती लांब झाली, त्यातलंच झालं! दहावीच्या पुस्तकात 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा धडा येतो. तोवर मुलांच्या डोक्यात 'गरज पडली की अवयव येतो' हे पक्कं बसलेलं असतं. आणि ते बसवणारे बहुतेक वेळा आपण प्राथमिकचे शिक्षकच असतो.

म्हणून नंतर थोडं वाचून, समजून घेऊन वर्गात उत्तर दुरुस्त केलं. ते कसं केलं, तेच इथे लिहिते आहे.

आधी ही गोगलगाय ओळखून घेऊ

इंग्रजीत हिला 'कोन स्नेल' म्हणतात. शास्त्रीय नाव कोनस. आपण शंकू-गोगलगाय म्हणू. जगात हिच्या ७०० पेक्षा जास्त जाती आहेत. बहुतेक सगळ्या उष्ण समुद्रात, प्रवाळाच्या आसपास राहतात. आपल्याकडे लक्षद्वीप, अंदमान आणि मन्नारच्या आखातात त्या भरपूर आहेत. कोकण किनाऱ्यावरही काही जाती मिळतात.

'गोगलगाय न् पोटात पाय' ही म्हण हिला जितकी शोभते तितकी कुणालाच शोभत नसेल. ही पक्की मांसाहारी शिकारी आहे. बहुतेक जाती समुद्रातले कृमी खातात, काही दुसऱ्या गोगलगाई खातात आणि थोड्या जाती चक्क मासे पकडतात. ताशी काही फूट सरकणारा प्राणी मासा पकडतो, यावर शास्त्रज्ञांचाही पूर्वी सहज विश्वास बसत नसे. अमेरिकन शास्त्रज्ञ ॲलन कोन यांनी हवाईमध्ये ते प्रत्यक्ष पाहून १९५६ साली लिहिलं. (आडनाव 'कोन' आणि अभ्यास कोन स्नेलचा! मुलांना हे फार आवडतं.)

बागेतल्या साध्या गोगलगाईच्या तोंडात कानशीसारखी बारीक दातांची पट्टी असते. तिने ती पान खरवडते. शंकू-गोगलगाईत त्याच पट्टीतले दात सुटे झाले आहेत. प्रत्येक दात म्हणजे आतून पोकळ, टोकाला आकडा असलेली सुई. एका पिशवीत अशा सुया तयार असतात. शिकार जवळ आली की गोगलगाय आपली लांब सोंड पुढे करते, टोकाशी एक सुई धरते आणि झटक्यात टोचते. सुईतून विष आत जातं. ती सुई पुन्हा वापरली जात नाही, पुढच्या वेळी नवी. आपल्या दवाखान्यातल्या 'एकदा वापरा आणि टाका' सुईसारखंच. विष तयार होतं ते वेटोळे घातलेल्या एका लांब नळीत.

मासे मारणाऱ्या काही जातींचं विष टोचल्यावर मासा एक-दोन सेकंदांत ताठ होतो. हे महत्त्वाचं आहे, कारण मासा दहा सेकंद पोहू शकला तरी गोगलगाय उपाशी! मेलेला मासा हातभर लांब जाऊन पडला तर तो खेकड्याचा होणार, हिचा नाही.

माणसांसाठी सर्वांत धोकादायक जात म्हणजे कोनस जिऑग्राफस. हिच्या दंशाने माणसं दगावली आहेत. रुम्फियस नावाच्या निसर्ग-अभ्यासकाच्या १७०५ साली छापलेल्या ग्रंथातही बांदा बेटांवरच्या एका गुलाम स्त्रीच्या मृत्यूची नोंद आहे. तिने फक्त शंख हातात धरला होता. यावर उतारा म्हणून आजही औषध नाही. विष उतरेपर्यंत श्वास चालू ठेवणे एवढाच उपचार. म्हणून पालकांनो, किनाऱ्यावर मुलांना एकच नियम सांगा: शंकूच्या आकाराचा शंख ओल्या वाळूत किंवा पाण्यात दिसला तर उचलायचा नाही, खिशात तर मुळीच घालायचा नाही. निमुळतं टोक धरलं म्हणजे सुरक्षित, असंही नाही.

विष म्हणजे एक पदार्थ नाही

माझी समजूत होती की विष म्हणजे एखादं रसायन असणार. तसं नाही. एकाच जातीच्या विषात शंभराहून जास्त वेगवेगळे छोटे रेणू असतात. त्यांना कोनोटॉक्सिन म्हणतात. प्रत्येक रेणू म्हणजे साधारण १० ते ३० अमिनो आम्लांची माळ. कुणी मज्जातंतूचं एक दार बंद करतो, कुणी दुसरं दार उघडंच ठेवतो. आणि एका जातीचं मिश्रण दुसऱ्या जातीशी फारसं जुळत नाही. आपल्याकडे प्रत्येक घराचा गोडा मसाला वेगळा असतो ना, तसं.

आता प्रत्येक माळेची कृती लिहिलेली असते जनुकात. म्हणजे प्रश्न असा झाला: इतक्या वेगवेगळ्या कृती लिहिल्या कुणी?

याचं उत्तर वर्गात सांगायला मला दोन गोष्टी उपयोगी पडल्या. एक झेरॉक्स आणि दुसरी आपली मराठी.

झेरॉक्सचं असं की, माझ्याकडे सहामाहीची एकच प्रश्नपत्रिका असेल तर मी तिच्यावर खाडाखोड करणार नाही. बिघडली तर परीक्षाच बंद! पण तिची प्रत काढली की एक जपून ठेवायची आणि दुसरीवर काहीही केलं तरी काम अडत नाही. पेशीत डीएनएची नक्कल होताना कधी कधी एखादं जनुक चुकून दोनदा लिहिलं जातं. मूळ जनुक आपलं जुनं काम करत राहतं आणि जादा प्रतीत बदल साठत जातात. बहुतेक बदलांनी प्रत निकामी होते. हे मुलांना नक्की सांगा, नाहीतर त्यांना वाटतं प्रत्येक चूक फायद्याचीच. पण लाखो वर्षांत एखादी प्रत नवं काही करू लागते. शंकू-गोगलगाईंमध्ये विषाच्या जनुकांच्या अशा प्रती पुन:पुन्हा निघालेल्या आहेत.

याचं सर्वांत सुंदर उदाहरण इन्सुलिनचं. माझ्या वर्गातल्या एका मुलाची आजी रोज इन्सुलिनचं इंजेक्शन घेते, त्यामुळे हा शब्द त्याला माहीत होता. गोगलगाईलाही स्वतःच्या शरीरातल्या साखरेसाठी इन्सुलिनसारखा रेणू लागतोच. पण २०१५ साली संशोधकांनी दाखवलं की कोनस जिऑग्राफस आपल्या विषातही इन्सुलिन सोडते, आणि ते गोगलगाईच्या इन्सुलिनपेक्षा माशाच्या इन्सुलिनसारखं असतं! ते पाण्यातून माशाच्या अंगात जातं, त्याची साखर एकदम उतरते, मासा गुंगतो. मग ही गोगलगाय जाळ्यासारखं तोंड पसरते आणि त्याला आत घेते. म्हणजे एक प्रत घरकामाला राहिली, दुसरी शिकारीला गेली. घरकामाची प्रत फारशी बदललेली नाही, शिकारीची मात्र झपाट्याने बदलली. गोगलगाई खाणाऱ्या जातींच्या विषातलं इन्सुलिन माशासारखं नसून गोगलगाईसारखंच असतं, हेही लक्षात घेण्यासारखं आहे.

आजीचं काय, असं त्या मुलाने विचारलंच. माणसाच्या इन्सुलिनचे रेणू साठवताना सहा-सहाच्या घोळक्यात बांधले जातात. इंजेक्शननंतर ते सुटे व्हायला वेळ लागतो. गोगलगाईच्या विषातल्या इन्सुलिनमध्ये घोळका बांधणारं टोकच नाही, म्हणून ते लगेच काम करतं. त्यावरून लवकर काम करणारं इन्सुलिन घडवण्याचे प्रयोग शास्त्रज्ञ करत आहेत. आजीपर्यंत ते अजून आलेलं नाही, हेही मी त्याला स्पष्ट सांगितलं.

पंत, संत, जंत

आता मराठीकडे. फळ्यावर मी 'पंत' लिहिलं. शेजारी 'पन्त' लिहिलं. विचारलं, अर्थ बदलला का? नाही. मग 'पंत' पुसून 'संत' केलं. बदलला! मग मुलांनीच सुरू केलं: खंत, अंत, जंत. (जंतावर पाच मिनिटं हसण्यात गेली. जाऊ द्या.)

डीएनएमध्येही असेच दोन प्रकारचे बदल होतात. काही बदलांनी लिखाण बदलतं पण अमिनो आम्ल तेच राहतं, 'पंत'चं 'पन्त' व्हावं तसं. काही बदलांनी अमिनो आम्लच बदलतं, 'पंत'चा 'संत' होतो. बहुतेक जनुकांत पिढ्यानपिढ्या टिकलेले बदल पाहिले तर पहिल्या प्रकारचे जास्त सापडतात. कारण उघड आहे. चालत्या यंत्रात अर्थ बदलला तर बहुधा बिघाडच होतो आणि तो प्राणी मागे पडतो.

थॉमस डुडा आणि स्टीफन पलुम्बी या दोघांनी शंकू-गोगलगाईच्या विषाची जनुकं तपासली, तेव्हा उलटंच चित्र दिसलं. त्यांचा लेख १९९९ सालचा आहे. विषाच्या माळेत अर्थ बदलणारे बदल न बदलणाऱ्यांपेक्षा जास्त टिकले होते. याचा अर्थ, इथे वेगळेपणाचाच फायदा होत होता. ही जनुकं फार वेगाने बदलत आली आहेत.

पण सगळं बदलत नाही, आणि मला हा भाग सर्वांत आवडला. 'पंत, संत, जंत, खंत' मध्ये पहिलं अक्षर बदलतं, पण शेवटचा अनुस्वार आणि 'त' कायम राहतो. तसंच कोनोटॉक्सिनच्या माळेत सिस्टीन नावाचं अमिनो आम्ल ठरलेल्या जागी कायम राहतं. दोन सिस्टीन एकमेकांना धरून ठेवतात, त्यामुळे माळेला पक्की घडी पडते. घडी तीच, मधले मणी वेगळे. शिवाय ही माळ तयार होताना तिच्या सुरुवातीला एक जादा तुकडा असतो. तो पाकिटावरच्या पत्त्यासारखा. माल पेशीत कुठे पोचवायचा ते तो सांगतो, आणि नंतर तोडून टाकला जातो. एका घराण्यातल्या विषांचा हा पत्ता जवळजवळ सारखाच असतो, आतलं पत्र मात्र दर वेळी नवं. शास्त्रज्ञ या पत्त्यावरूनच कुठलं विष कुठल्या घराण्यातलं हे ओळखतात.

ईस्टर बेटावरची एकटी गोगलगाय

इथपर्यंत मुलीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर झालं: विषात वेगळेपणा कसा येतो. पण कुठला वेगळेपणा टिकतो? माझी चूक नेमकी इथे होती.

पॅसिफिक महासागरात, चिलीच्या किनाऱ्यापासून साडेतीन हजारांहून जास्त किलोमीटरवर ईस्टर बेट आहे. मोठमोठ्या दगडी मूर्तींचं बेट, फोटोत पाहिलं असेल. तिथे कोनस मिलियारिस नावाची शंकू-गोगलगाय राहते. ही जात इतर ठिकाणीही आहे, ग्वाम आणि अमेरिकन सामोआच्या किनाऱ्यांवर. तिथे एकाच खडकावर शंकू-गोगलगाईंच्या कितीतरी जाती एकत्र राहतात आणि प्रत्येकीचा घास जणू ठरलेला असतो. मिलियारिसच्या वाट्याला मोजक्याच जातींचे कृमी येतात. ईस्टर बेटावर मात्र ती जवळपास एकटीच. वाटेकरी नाहीत. तिथे ती कितीतरी जास्त प्रकारचे कृमी खाते, हे ॲलन कोन यांनीच १९७८ साली लिहिलं होतं.

मग डुडा आणि ली यांनी तिन्ही ठिकाणच्या गोगलगाईंच्या विषाची दोन जनुकं तपासली आणि २००९ साली निष्कर्ष छापले. ईस्टर बेटावरच्या गोगलगाईंमध्ये या जनुकांच्या वेगवेगळ्या रूपांचं प्रमाण इतर ठिकाणांपेक्षा निराळं होतं. झालं तर मग, जेवण बदललं, विष बदललं!

थांबा. इथे घाई केली तर पुन्हा माझ्यासारखीच चूक होईल. हा फरक नुसत्या योगायोगानेही पडू शकतो. या गोगलगाईंची पिल्लं सुरुवातीला पाण्यात तरंगत, प्रवाहाबरोबर दूर जातात. समजा अशी मूठभर पिल्लंच त्या लांबच्या बेटावर पोचली. त्या मुठीत कुठली रूपं आली हा नशिबाचा भाग. विषाच्या गुणाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

मग नशीब आणि निवड वेगळे कसे ओळखायचे? या संशोधकांनी विषाशी संबंध नसलेला, पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएचा एक भागही तपासला. नुसतं नशीबच असतं तर तिथेही साधारण तसाच फरक पडायला हवा होता. पण विषाच्या जनुकांतला फरक त्याहून जास्त निघाला. म्हणजे नशिबाच्या वर आणखी काहीतरी घडलं होतं. नव्या जेवणात ज्या गोगलगाईंचं विष जास्त उपयोगी पडलं, त्यांची पिल्लं जास्त जगली. कुठल्याही गोगलगाईने विष बदललं नाही. पिढ्यांमधलं प्रमाण बदललं.

वर्गात काय केलं

लागलं साहित्य: हरभरे, पांढरे वाटाणे आणि एक तपकिरी गोणपाट. डब्यात दोन्ही साठ-साठ मिसळून ठेवले.

पहिल्या खेळात प्रत्येक गटातल्या एकाने डोळे मिटून दहा दाणे काढायचे. हे दाणे म्हणजे बेटावर पोचलेली पिल्लं. एका गटाला सात हरभरे, तीन वाटाणे आले. दुसऱ्याला चार-सहा. तिसऱ्याला पाच-पाच. कुणी निवड केली का? नाही. तरी बेटं वेगवेगळी झाली.

दुसऱ्या खेळात सगळे दाणे गोणपाटावर पसरले. मुलं झाली पक्षी. टाळी वाजली की पाच सेकंदांत चिमटीने मिळेल ते उचलायचं. पहिल्या टाळीलाच पांढरे वाटाणे भराभर गेले, कारण तेच आधी दिसतात. मग उरलेल्या प्रत्येक दाण्याशेजारी त्याच प्रकारचा एक दाणा 'पिल्लू' म्हणून ठेवला आणि पुन्हा टाळी. तीन फेऱ्यांत गोणपाट जवळजवळ हरभऱ्यांचं झालं.

तेव्हा मी विचारलं, "एखाद्या वाटाण्याने जीव वाचवायला रंग बदलला का?" सगळे म्हणाले, "नाही." "मग गोणपाट तपकिरी कसं झालं?" थोडा वेळ शांतता होती. मग एक मुलगा म्हणाला, "बाई, वाटाणे बदलले नाहीत. वाटाणे संपले."

मग मी सगळ्या वर्गासमोर सांगितलं की मागच्या आठवड्यात मी 'गरज पडली म्हणून विष तयार झालं' असं म्हटलं होतं, ते चुकलं होतं. मुलांना याचं काही विशेष वाटलं नाही. विशेष मलाच वाटत होतं.

एक अडचण मात्र आली. 'मग पहिलं विष कुठून आलं?' हे या खेळातून समजत नाही. त्यासाठी मी पुन्हा झेरॉक्सवर आणि इन्सुलिनवर गेले: शरीरात आधीपासून दुसऱ्याच कामाला असलेल्या रेणूची प्रत निघते आणि ती नव्या कामाला लागते. २०१४ साली एका संशोधनात असं दिसलं की शंकू-गोगलगाई शिकारीसाठी आणि स्वतःच्या बचावासाठी वेगवेगळं विष वापरतात आणि ते विषनळीच्या वेगवेगळ्या भागांत तयार होतं. त्या संशोधकांचं मत असं की आधी बचावासाठी असलेलं विष पुढे मासे मारायच्या कामी आलं असावं. पाचवीला हे जड जातं. सातवी-आठवीला चालेल.

वरच्या वर्गांना औषधाची गोष्टही सांगता येईल. फिलिपिन्सचे बाल्डोमेरो ऑलिव्हेरा यांनी या विषांवर आयुष्यभर काम केलं. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या त्यांच्या प्रयोगशाळेत मायकेल मॅकिंटॉश या नुकत्याच शाळा संपवून आलेल्या मुलाने कोनस मेगस या जातीच्या विषातून २५ अमिनो आम्लांची एक माळ वेगळी केली. ती वेदनेचा निरोप पुढे नेणारं मज्जातंतूचं दार बंद करते. तिच्यावरूनच झिकोनोटाइड हे औषध बनलं आणि २००४ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. फार तीव्र वेदना असलेल्या रुग्णांना ते पाठीच्या कण्याभोवतीच्या द्रवात सोडावं लागतं. त्याची सवय लागत नाही, पण दुष्परिणाम कडक आहेत, त्यामुळे ते सर्रास वापरलं जात नाही.

खेळ घेणाऱ्यांसाठी शेवटची सूचना: हरभरे भाजलेले आणू नका. माझ्या वर्गात दुसऱ्या फेरीनंतर मोजणी केली, तर अकरा हरभरे कमी भरले. वाटाणे गेले ते पक्ष्यांनी उचलले म्हणून, हरभरे कुठे गेले ते अजून कुणी कबूल केलेलं नाही.